दाढ, बुधवार आणि सव्विसावा आठवडा

आईची दाढ शुक्रवारी संध्याकाळी ठणकायला लागली आणि शनिवारी सकाळी आईचा डावा गाल आईच्या आधी स्वयंपाकघरात पोचला.

"अगं आई, हे काय!" भोंगा ओरडली.

भोंगा म्हणजे या घरातली एकुलती एक मुलगी, इयत्ता दहावी. वर्षभरापूर्वी हिला दुकानात पाठवायचं तर चिठ्ठी लिहून द्यावी लागायची, इतकी ती बोलायला लाजायची. मग शाळेच्या वादविवाद स्पर्धेत ऐनवेळी गळलेल्या एका मुलीच्या जागी हिला उभं केलं, हिने 'गृहपाठ बंद करावा' या विषयावर समोरच्यांना रडवलं (त्यातल्या एकाला तर खरोखरच), आणि तेव्हापासून तिचा आवाज जो बाहेर आला तो परत आत गेलाच नाही. बाबांनी तिचं नाव भोंगा ठेवलं. तिला वाटलं, कौतुकाने ठेवलंय. होतंही तसं. निम्मं.

आता आईचं काम असं, की ती लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार कक्षात आठवड्यातून तीन दिवस फोनवर बसायची. लिफ्ट अडकली, लिफ्टचं दार लागत नाही, लिफ्ट चौथा मजला सोडून सगळीकडे थांबते, असं जे काही लोकांना सांगायचं असेल ते आईला सांगायचं. आणि त्या शनिवारी आईच्या तोंडातून एकच आवाज निघत होता. "हूं."

त्या एका 'हूं'चे प्रकार मात्र अनेक होते. लांब 'हूं' म्हणजे पाणी दे. आखूड म्हणजे नको. शेवटी वर गेलेला म्हणजे गॅस बंद केलास का. आणि नाकातून आलेला म्हणजे माझ्या दुखण्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही. भोंग्याला हे सगळे प्रकार तासाभरात पाठ झाले, कारण चौथा प्रकार सारखाच येत होता.

दातांच्या डॉक्टरांनी तोंडात दिवा घातला, हळहळले आणि दाढ वाचवायचा खर्च सांगितला. तो ऐकून बाबांच्याच दाढा दुखायला लागल्या. डॉक्टरांनी तूर्त सूज उतरायच्या गोळ्या दिल्या आणि फार दिवस घालवू नका म्हणून बजावलं.

"पण आईची कंपनी दातांचा खर्च देते की!" घरी येताच भोंगा म्हणाली. "करारात लिहिलंय. मी वाचलंय."

हे खरं होतं. स्पर्धेनंतर भोंगा हाताला लागेल ते वाचत असे, औषधाच्या बाटलीवरची सूचना असो की विजेचं बिल, आणि वाचून झालं की त्यावर बोलत असे. तिने कपाटातल्या चादरींखालून आईचा नोकरीचा करार काढला, खुर्ची भिंतीला टेकवली आणि खटला चालवायला बसल्यासारखं वाचायला सुरुवात केली.

करार असा होता. दातांच्या खर्चाची सवलत सलग सव्वीस आठवडे सेवा झाली की मिळणार. आठवडा सेवेत धरला जायला त्यात निदान एक पूर्ण शिफ्ट झालेली हवी. एकही शिफ्ट न होता आठवडा गेला, तर साखळी तुटली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आईचे पंचवीस आठवडे झाले होते.

"म्हणजे बघा," भोंग्याने बोटं पसरली, "दाढेला सवलत हवी, सवलतीला सव्विसावा आठवडा हवा, आठवड्याला शिफ्ट हवी, शिफ्टला तोंड हवं. आणि तोंडात कोण बसलंय?"

"हूं," आई म्हणाली. चौथा प्रकार.

आता एवढी मोठी भानगड घरात असताना शेजारपाजार गप्प बसणं शक्यच नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू गळ्यात टेप तशीच ठेवून वर आल्या आणि म्हणाल्या, गरम शेक द्या. समोरच्या दारातले हेडक्लार्क काका म्हणाले, छे छे, बर्फ लावा. काकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण ते अजून रोज इस्त्रीचा शर्ट घालून पेपर वाचायला बसत, जणू पेपरातल्या बातम्या त्यांच्या सहीसाठी आल्या आहेत. कोणाचंच मन मोडायला नको म्हणून आईने पाच मिनिटं शेक आणि पाच मिनिटं बर्फ असं केलं. दाढेला आपण कोणत्या ऋतूत आहोत हे कळेना, आणि ती दुप्पट ठणकू लागली.

"आजारपणाची रजा टाका," काकांनी खिशातलं पेन काढलं. "डॉक्टरचा दाखला जोडायचा, की आठवडा शाबूत."

भोंग्याने पान उलटलं. "दाखला कंपनीने नेमलेल्या डॉक्टरचाच चालतो, काका. आणि त्या डॉक्टरकडे जायचं कार्ड सव्वीस आठवडे झाल्यावर मिळतं."

काकांनी पेन परत खिशात ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच त्या कंपनीविषयी आदर दिसला. "मसुदा पक्का आहे," ते म्हणाले. "जुन्या पद्धतीचा माणूस असणार."

पण भोंगा डगमगणारी नव्हती. तिने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खाली उतरवलं आणि टेबलावर पसरलं.

"घाबरायचं काहीच कारण नाही. या आठवड्यात आईने सोमवार आणि बुधवार केलाय, म्हणजे आजचा शनिवार बुडाला तरी पंचविसावा आठवडा पक्का. सव्विसावा परवा सोमवारी सुरू होणार, पुढच्या रविवारी संपणार. आईने सोमवारी झोपायचं. बुधवारीही झोपायचं. शनिवारपर्यंत गोळ्यांनी गाल उतरेल, तेव्हा एक शिफ्ट करायची. झालं!"

"आणि शनिवारीही नाही उतरला तर?" बाबांनी विचारलं. बाबा जन्मजात सावध. ते घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघत, आणि मग जिना उतरून परत वर येत.

"म्हणून तर मी रविवारचीही सोय केली," भोंगा म्हणाली.

खरंच केली होती. आईच्या बरोबर काम करणारी एक मावशी होती, जिची शिफ्ट नेहमी रविवारी असायची. घरात तिला रविवारवाली मावशीच म्हणत. भोंग्याने कुणालाही न विचारता तिला फोन लावून आईचा बुधवार तिला दिला होता आणि तिचा रविवार आईसाठी घेतला होता. मावशी इतकी खूश झाली की तिने भोंग्याला 'माझी सोन्याची बाहुली' म्हटलं. असा सौदा एवढ्या झटपट कोणी मान्य केला, तर थोडी शंका यायला हवी. भोंग्याला फक्त अभिमान वाटला.

आईने बुधवार गेल्याचं ऐकलं आणि एक नवाच 'हूं' काढला. त्याचा अर्थ कोणालाच कळला नाही. पुढे कळला.

सोमवारी आई झोपली. मंगळवारीही झोपली. भोंगा सगळ्या इमारतीला आपली योजना समजावून आली, आणि शिवणवाल्या काकूंनी तर तिला आपल्या भाचीच्या नोकरीचाही करार बघायला सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी भोंगा त्याच करारावर लाल पेनाने खुणा करत बसली होती, तेवढ्यात फोन वाजला. रविवारवाली मावशी.

"अगं सोन्या, आईला थँक्यू सांग हं! या आठवड्यात मला एक जादा शिफ्ट मिळाली तुमच्यामुळे. नाहीतर उद्या संपलाच असता की आठवडा."

"मावशी, आठवडा रविवारी संपतो," भोंगा प्रेमाने म्हणाली. मोठी माणसं किती गोंधळलेली असतात!

"तुमच्या घरी संपत असेल बाई. आमच्या कंपनीत गुरुवारी सुरू होतो आणि बुधवारी संपतो. संध्याकाळी ती हजेरीबाई बेरजा मांडून बसते ना!"

भोंग्याने फोन ठेवला आणि करार उचलला. शेवटचं पान. त्यावर मथळा होता 'व्याख्या'. हे पान तिने वाचलंच नव्हतं. का वाचलं नव्हतं, तर ती शाळेतही व्याख्या वाचत नसे. व्याख्येला एकच गुण असतो आणि तो सोडून देता येतो, असा तिचा आणि तिच्या वर्गाचा सिद्धान्त होता. आणि त्या पानावर पहिलीच ओळ होती: आठवडा म्हणजे गुरुवारी सुरू होऊन पुढील बुधवारी संपणारा कालावधी.

म्हणजे सव्विसावा आठवडा केव्हाच सुरू झाला होता. शनिवार त्यातलाच होता, तो गेला. सोमवार त्यातलाच होता, तो झोपेत गेला. उरला उद्याचा एक बुधवार, आणि तो भोंग्याने वाटून टाकला होता.

दहा मिनिटं घरात भोंग्याचा आवाज आला नाही. बाबा घाबरून बघायला आले. ती कॅलेंडरकडे अशी बघत होती, जणू कॅलेंडरने तिला फसवलंय. वादविवाद जिंकलेल्या, भाचीचा करार तपासणाऱ्या मुलीवर ही वेळ यावी!

पण दहाच मिनिटं. अकराव्या मिनिटाला तिने मावशीला फोन लावला होता.

"नाही हं," मावशी म्हणाली. "रविवारी मी बहिणीकडे जाणार म्हणून कळवून बसलेय. आता बुधवार परत दिला तर रविवारी कामावर, मग माझी जुळी कोण सांभाळेल?"

"मी!" भोंगा म्हणाली.

"बघ हं," मावशी हळूच म्हणाली. "आधीची मुलगी रडत गेली होती."

"मावशी, मी लोकांना रडवते. मला कोणी रडवत नाही."

बुधवार परत आला.

सकाळी दोघी वेळेच्या जरा आधी कंपनीच्या इमारतीपाशी पोचल्या. आईने गालाला ओढणी गुंडाळली होती. भोंग्याला सहामाहीची सुट्टी होती, त्यामुळे ती वकील म्हणून सोबत. तक्रार कक्ष पाचव्या मजल्यावर. आई जिन्याकडे वळली.

"आई, वेड लागलंय का? लिफ्टच्या कंपनीची लिफ्ट आहे! हिच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर?"

आईने आखूड 'हूं' केला. भोंग्याने तिला हाताला धरून आत ओढलं. लिफ्ट मोठ्या दिमाखात निघाली, तिसरा मजला ओलांडला, एक उसासा टाकला आणि थांबली. वरच्या फटीतून चौथ्या मजल्यावरच्या फरशीची कड दिसत होती, आणि एका झाडूचं टोक.

भोंग्याने तातडीचं बटण दाबलं. आतल्या जाळीतून एक गोड ध्वनिमुद्रित आवाज आला, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. कृपया थांबा." आणि मग दूर वर कुठेतरी, पाचव्या मजल्यावर, एक फोन वाजायला लागला. वाजत राहिला. वाजतच राहिला.

"कोणी उचलत का नाही?" भोंगा चिडली. "या वेळी तिथे कोण बसतं?"

आईने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

करारात आणखी एक कलम होतं. शिफ्टला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला, की ती अर्धी शिफ्ट. अर्धी म्हणजे पूर्ण नव्हे. पूर्ण नव्हे म्हणजे आठवडा नव्हे. भोंग्याने बटण दाबून धरलं ते सोडलंच नाही, आणि अखेर कोणीतरी खेकसलं, "तक्रार कक्ष!"

आईने डोळे मिटले. तो आवाज तिच्या साहेबांचा होता. साहेब पटकन उडायचे, म्हणून कक्षातल्या सगळ्या जणी त्यांना फ्यूजसाहेब म्हणत.

"साहेब, आम्ही लिफ्टमध्ये अडकलोय!"

"पत्ता सांगा."

"पत्ता तुमचाच आहे!"

"माझ्या पत्त्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"साहेब, आम्ही तुमच्याच इमारतीत आहोत! चौथ्या मजल्याच्या जरा खाली!"

"थांबा जरा, मला नोंदवता येत नाही हे. इथे बसणाऱ्या बाई अजून आल्याच नाहीत. शिफ्टची वेळ झाली तरी पत्ता नाही!"

"त्या आल्यात! आत आहेत!"

"आत कुठे?"

"लिफ्टच्या!"

पलीकडे फ्यूज उडाल्याचा आवाज आला. पण मेकॅनिकही आला.

पाचव्या मजल्यावर दोघी पोचल्या तेव्हा हजेरीबाई घड्याळाखाली उभी होती. बारीक बाई, जाड चष्मा, आणि हातात लाल शाईचा शिक्का. "वीस मिनिटं उशीर," ती म्हणाली. "अर्धी शिफ्ट."

भोंग्याने खांदे ताठ केले. रात्री तिने व्याख्यांचं पान असं पाठ केलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

"मॅडम, व्याख्या तिसरी. हजर म्हणजे कंपनीच्या जागेत येऊन पोचलेली व्यक्ती. लिफ्ट कोणाच्या जागेत आहे?"

"लिफ्ट आमची आहे, पण..."

"आणि लिफ्टमधून फोन कधी आला?"

हजेरीबाईने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कपाळ पुसलं. "पंधरा मिनिटं व्हायच्या आत आला होता," ते कसंबसं म्हणाले. "मीच घेतला ना. चांगलाच लक्षात आहे."

शिक्का खाली आला. आईने श्वास सोडला. आणि तेवढ्यात ओढणी घसरली आणि हजेरीबाईला गाल दिसला.

"अहो, पण या बोलणार कशा? फोनवर बसायचंय ना?"

"व्याख्या पाचवी," भोंगा म्हणाली, आणि हे तिला इतकं आवडलं की तिने मुद्दाम सावकाश म्हटलं. "काम म्हणजे ग्राहकाची तक्रार ऐकून घेणे, ती नोंदवणे आणि मेकॅनिककडे पाठवणे. नमस्कार ध्वनिमुद्रित आवाज करतो. पत्ता ग्राहक सांगतो. यात बोलणं कुठे आहे, मॅडम? मला दाखवा. मी शोधलं, मला नाही सापडलं."

हजेरीबाईने करार मागवला. वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. साहेबांनी तिच्या खांद्यावरून वाचला. मग ते म्हणाले, "ठीक आहे. पण फोनवर कोणी बोलत नाही अशी एक तक्रार जरी आली, तर शिफ्ट अर्धी. एक जरी!"

आई जागेवर बसली. भोंगा बाकावर. फोन वाजला आणि साहेबांनी कपाळाला हात लावला, कारण नंबर एका सोसायटीतल्या सहाव्या मजल्यावरच्या आजोबांचा होता. हे आजोबा रोज फोन करत आणि रोज साहेबांकडे तक्रार नेत.

"हूं," आई म्हणाली.

"दार पुन्हा घासतंय!" आजोबा ओरडले. बाकापर्यंत ऐकू आलं.

"हूं?"

"हो ना! मागच्या वेळी तुमचा माणूस आला, तेल घातलं, गेला. बघितला का त्याने खालचा रूळ? नाही!"

"हूं!" आईने हे अगदी मनापासून म्हटलं, त्याच क्षणी दाढेतून कळ गेली होती.

"तेच म्हणतोय मी!" आजोबांचा आवाज मऊ झाला. मग त्यांनी दाराबद्दल सांगितलं, रुळाबद्दल सांगितलं, शेजारचे लोक लिफ्टमध्ये सायकल कोंबतात ते सांगितलं, आणि मुलगा हल्ली फोनच करत नाही तेही सांगितलं. आई लिहीत होती आणि योग्य जागी 'हूं' म्हणत होती. शेवटी आजोबा म्हणाले, "तुमच्या साहेबांना द्या जरा."

साहेबांनी फोन असा घेतला, जणू तो चावणार आहे. "हो... हो आजोबा... काय? नाही, आवाजाला काय झालंय म्हणजे... काय म्हणालात? पुन्हा म्हणा?" त्यांनी फोन ठेवला आणि आईकडे बघत राहिले. "म्हणतात, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मधे न बोलता ऐकून घेतलं. रोज याच बाईंना बसवा म्हणतात."

दिवसभर तसंच चाललं. लोक भांडायला फोन करत आणि आभार मानून ठेवत. एका बाईंनी तर तक्रारच मागे घेतली. संध्याकाळी हजेरीबाईने शिक्का उचलला, जरा हवेत धरला, आणि सव्विसाव्या चौकोनात मारला. मग भोंग्याकडे वळून म्हणाली, "माझ्या पगारवाढीचं एक कलम आहे. सवडीने बघशील?"

कार्ड आणि सवलत मिळाली. दाढ वाचली. रविवारी भोंगा जुळ्यांना सांभाळून घरी आली तेव्हा तिच्या केसांत च्युइंगगम होतं आणि ती रडलेली नव्हती, निदान तिचं म्हणणं तसं होतं. घरात काका, काकू, बाबा सगळे जमले होते. आईचा गाल जागेवर आला होता आणि ती आज पहिल्यांदा नीट बोलणार होती.

सगळ्यांना वाटलं, आता कौतुक होणार. भोंग्याला तर खात्रीच होती. ती मधोमध बसली.

"हं," आई म्हणाली. "आता तू ऐकून घेणे. आणि नोंदवणे. पेन घे."

"पण आई..."

"व्याख्या पाचवी," बाबा म्हणाले, आणि काकांनी खिशातलं पेन पुढे केलं.

"माझा बुधवार मला न विचारता देऊन टाकला. तेव्हाचा तो नवा 'हूं' हाच. लिही. मी जिन्याने जाऊया म्हणत होते तेव्हा मला ओढून लिफ्टमध्ये घातलं. लिही. माझी दाढ सगळ्या इमारतीला माहीत झाली, काल भाजीवाला विचारत होता! लिहिलंस?"

"हूं," भोंगा म्हणाली. कान लाल झाले होते.

"आणि शेवटची तक्रार." आई थांबली. तिने ओढणीची घडी उगाच मोडली आणि पुन्हा घातली. "दुकानातून पेन्सिल मागायलाही लाजणारी माझी मुलगी त्या हजेरीबाईसमोर ताठ उभी राहून बोलत होती, आणि मला धड हसता येईना की रडता येईना, दाढ इतकी दुखत होती. त्याची भरपाई अजून झालेली नाही. हे नीट नोंदव."

भोंग्याने मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. बरंच काही बोलण्यासारखं होतं. तिला ते सुचतही होतं.

"हूं," ती म्हणाली.

कोणता प्रकार, ते आईला बरोबर कळलं.